न पाहिलेल्या रेसची ग्रेड

कापड तपासायच्या खात्यात संध्याकाळपर्यंत टेबलाखाली चिंध्यांचा ढीग होतो. मुद्दाम कोणी साठवत नाही. एक पडते, मग दुसरी पडते, आणि घरी निघताना बघावं तर पाय ठेवायला जागा नाही! आमच्या घोड्यांच्या किश्श्यांचं अगदी तसंच झालंय. माहेरी अमळनेरला गेले की वहिनी चहाचं आधण ठेवायच्या आधीच विचारते, "ताई, त्या घोड्यांचं पुढं काय झालं?" आता कुठून सुरुवात करणार?

सुरतेत घोडे कुठले, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. सुरतेत साडी आहे, हिरा आहे, सकाळी सकाळी खायला लोचो आहे. रेसकोर्स नाही. पण आमच्या कडोदऱ्याच्या कारखान्यात रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत घोडे पळतात, आणि कोणत्या रेसची लायकी किती, हे आम्ही चौघं ठरवतो.

आधी चौघांची ओळख करून देते, म्हणजे गोंधळ नको. आबा आमचे हेड चेकर, पारोळ्याकडचे. शिक्का त्यांच्याकडे. सुकदेव नाना ताके, म्हणजे कापडाचे तागे, मोजून घड्या घालतात. ते शिंदखेड्याकडचे, बोलणं अजून तिकडचंच, आणि सुरतेत यायच्या आधी तरुणपणी पुण्याच्या रेसकोर्सवर घोडे सांभाळायचे. वैशाली कॉम्प्युटरवर बसते. जन्म इथल्याच गोडादऱ्याचा, त्यामुळे मराठी बोलता बोलता गुजरातीत कधी शिरते ते तिचं तिलाच कळत नाही. आणि मी उज्ज्वला. तीन नंबरच्या टेबलावर कापड तपासते. काचेचं टेबल, खाली ट्यूबलाइट, आणि वरून दिवसभर सरकत जाणारं पांढरं कोरं कापड.

* * *

पहिली ठिणगी अशी पडली. नाना वैशालीच्या मोबाइलवर पुण्याची रेस बघत होते. मोबाइलमधला माणूस एकदम वरच्या पट्टीत ओरडला, "ग्रेड वन!" आबा डबा खात होते. त्यांचा घास हातातच राहिला.

"कशाची ग्रेड?"

"रेसनी, आबा," नाना म्हणाले. "मोठ्या रेसले ग्रेड ऱ्हास. वन, टू, थ्री. ही सगळ्यात वरची."

"बरं. कधी पळाले घोडे?"

"आते पळतील ना!"

आबांनी डब्याचं झाकण लावलं. "म्हणजे अजून पळालेच नाहीत? आणि ग्रेड आधीच देऊन टाकली? ताका मागावरून उतरला नाही, तोवर शिक्का?"

नानांनी समजावलं, की मागच्या काही वर्षांत त्या रेसला किती चांगले घोडे आले, यावरून ग्रेड ठरते. आबांनी मान हलवली. तेवढ्यात रेस सुरू झाली आणि संपलीही. आबांनी ती डोळे बारीक करून पाहिली. सूत तुटलंय का बघताना करतात तसे.

"मागच्या ताक्यावरून पुढचा ताका पास करायचा असता," ते म्हणाले, "तर मी पारोळ्याला घरी झोपून पास केला असता! ही रेस सेकंड."

त्या दिवसापासून वही सुरू झाली.

* * *

वहीत ग्रेड आमच्या खात्याच्या. फ्रेश म्हणजे निर्दोष. सेकंड म्हणजे थोडा दोष. फेंट म्हणजे तुकड्यात विकायच्या लायकीचा. आणि चिंधी म्हणजे चिंधी.

नियम आबांनी घातले. एक, रेसची ग्रेड त्याच दिवशी पक्की करायची नाही. कोऱ्या कापडात काही-काही दोष दिसतच नाहीत. रंगाला गेलं की पट्टे उमटतात. तसे त्या रेसमधले घोडे पुढच्या रेसमध्ये कसे पळतात ते बघायचं आणि मग शाई वापरायची. दोन, जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर शिक्का नाही. तीन, पैसा लावायचा नाही. पैसा लावला की नजर जाते!

हा तिसरा नियम वैशालीच्या दिराला माहीत नव्हता. कोणीतरी त्याला सांगितलं, की तुझ्या वहिनीच्या कारखान्यात घोड्यांचे मोठे जाणकार बसतात. एक दिवस तो गॉगल लावून आला आणि आबांच्या कानाशी लागला, "काका, रविवारसाठी एखादा नंबर सांगा ना."

आबांनी वही उघडली, बरीच पानं उलटली. दीर मोबाइल काढून तयार!

"पाचव्या रेसमधला तीन नंबर," आबा म्हणाले. "फार सभ्य घोडा आहे."

"जिंकेल ना?"

"ते मला काय माहीत? सभ्य आहे."

* * *

आता नानांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

मागच्या श्रावणात नानांनी जाहीर केलं, की संक्रांतीनंतर ते सुरत सोडून कायमचे गावी जाणार. गुडघे दगा देऊ लागले होते. मग नाना म्हणाले, "जाण्याआधी एक रेस वहीत लिखा. फ्रेश."

कोणती रेस, तर पस्तीसेक वर्षांपूर्वीची पुण्याची. नाना तेव्हा एका घोडीची देखभाल करायचे. तिचं कागदावरचं इंग्रजी नाव त्यांना कधीच उच्चारता आलं नाही. ते तिला ठकी म्हणायचे. त्या दिवशी शेवटची रेस होती. बिनग्रेडची, अगदी खालची. बारीक पाऊस होता आणि लोक छत्र्या उघडून घराकडे निघाले होते. सात घोडे पळाले. सहा आतल्या कुंपणाला धरून, कारण तिकडून अंतर कमी पडतं. ठकी एकटीच बाहेरच्या कुंपणाकडे गेली.

"बठासतून लांबून पयनी ती," नाना म्हणाले. "सगळ्यात जास्त जमीन तिनी तोडी. तरी चौथी उनी, आणि पह्यलामा नि तिच्यामा हात-दोन हातनं अंतर."

मालक चिडला. घोडी वाया गेली म्हणाला. आठवड्यात ती कुठेतरी विकली गेली आणि नानांना पुन्हा दिसली नाही. त्यांनीही ते काम सोडलं.

"तिले कोनीच शाबास म्हनं नई," नाना म्हणाले. "आणि खरं सांगू का उज्ज्वला, मी बी म्हनं नई. मीच चिडेल व्हतू. पावसात मुकाट तिले तबेल्यात लई गऊ."

साठीचा माणूस, हातात कापडाची घडी धरून हे सांगत होता. मला वाटलं, आबा आता शिक्का काढतील.

आबांनी पुढचा ताका काचेवर ओढून घेतला. मग म्हणाले, "नाना, ती रेस मी पाहिली नाही. या दोघींनी पाहिली नाही. आणि तुम्ही घरचे. विणणाऱ्यानं स्वतःच्या ताक्यावर शिक्का मारायचा नसतो. दुसरा पाहणारा आणा, लगेच लिहितो."

मी आबांशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलावं लागलं, कारण कात्री त्यांच्याकडे होती.

* * *

दुसरा पाहणारा कुठून आणणार? वैशालीनं मोबाइलवर सगळं धुंडाळलं. "ना मळे, ताई," ती म्हणायची. मोठ्या ग्रेडच्या जुन्या रेसा सापडतात. पस्तीस वर्षांपूर्वीची, पावसातली, बिनग्रेडची शेवटची रेस कोण जपून ठेवतो?

त्यात एक दिवस वही शेठच्या हाती लागली. शेठ गुजराती, स्वभावानं भला माणूस, पण 'सेकंड' शब्द वाचला की छातीत धडधडतं. त्यात सगळी पानं 'सेकंड', 'फेंट', 'चिंधी' यांनी भरलेली!

"उज्ज्वलाबेन, आ कई पार्टी छे? आटलो बधो माल रिजेक्ट?"

मी म्हटलं, "शेठ, पार्टी नाही, गिऱ्हाईक नाही. घोडे आहेत."

शेठ खुर्चीवर बसले. पाणी प्यायले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनाही चव लागली, आणि ते आबांशी वाद घालू लागले. वहीत एका बड्या ग्रेड वन रेसला आबांनी 'फेंट' दिलं होतं. चारच घोडे पळाले होते. एक कितीतरी पुढं, बाकीचे तिघं फिरायला आल्यासारखे.

"पण आबा, केवढो मोटो कप! केवढा बँडबाजा! फोटो जोया?"

आबा काचेवरून नजर न उचलता म्हणाले, "शेठ, खोकं चकचकीत असलं म्हणून आतली साडी चांगली होते का?"

शेठनी दचकून दाराकडे पाहिलं.

"धीमे बोलो, आबा! बहार पार्टी बेठी छे!"

* * *

माझा स्वतःचा किस्सा सांगायला मला लाज वाटते, पण दुसऱ्यांचे सांगते तर माझाही सांगायला हवा.

दुपारी तीनच्या सुमाराला आमच्या खात्यात एक वेळ येते. पोट भरलेलं असतं. पलीकडच्या शेडमधून मागांचा आवाज येत असतो, इतका एकसारखा की तो ऐकू येईनासा होतो. काचेखालच्या उजेडावरून पांढरं कापड सरकत असतं, संपत नाही. त्या वेळी मला तिथं घोडे दिसतात. खरंच सांगते. दुधाळ धुकं, त्यात सात घोडे, टापांचा आवाज मागांच्या आवाजात मिसळलेला. सहा आतल्या कडेनं. आणि एक कापडाच्या पार दुसऱ्या काठाला, एकटी. ती काठाकाठानं जात राहते आणि मी तिच्याबरोबर जात राहते. तशी शांतता मला देवळातही कधी मिळालेली नाही.

असा एक अख्खा ताका माझ्या डोळ्यांखालून गेला. त्यात तीन ठिकाणी सूत तुटलेलं होतं आणि एके जागी तळहाताएवढा तेलाचा डाग! मी त्यावर पासची चिठ्ठी लावून दिली.

आबा तो ताका उचलून माझ्या टेबलाशी आले. मी उठून उभी राहिले. आता खरडपट्टी, म्हटलं.

त्यांनी डाग दाखवला. तुटलेली सुतं दाखवली. मग हळूच विचारलं, "कितवी आली?"

* * *

आबा मनानं वाईट नाहीत, हे तेव्हा कळलं. ते नानांसाठी रोज काहीतरी करून बघत होते, पण नियम वाकवणार नव्हते.

घोड्यांच्या कचेरीला त्यांनी पत्र लिहिलं. आबांना एकाच प्रकारचं पत्र लिहिता येतं, खराब माल परत करायचं! वैशालीनं ते टाइप केलं. 'आपण ग्रेड वन म्हणून दिलेल्या मालापैकी अमुक नग तपासले असता त्यांचा दर्जा सेकंड आढळला. तसेच बिनग्रेडच्या मालात काही नग फ्रेश निघण्याचा संभव आहे. तरी पस्तीस वर्षांपूर्वीच्या अमुक तारखेच्या शेवटच्या रेसची माहिती मिळावी.'

महिन्याभरानं फार अदबीचं उत्तर आलं. जुन्या निकालाचा कागद जोडला होता. सात घोड्यांची नावं, चौथं ठकीचं इंग्रजी नाव, ते नानांनी अक्षरांवरून ओळखलं. कोण कुठल्या कडेनं पळालं, ते निकालात लिहीत नसतात. शेवटी विचारलं होतं, की आपण मालक आहात, ट्रेनर आहात, की प्रेक्षक?

आबांनी उलट टपाली कळवलं, 'वरीलपैकी कोणी नाही. तपासनीस.'

* * *

दिवाळी संपली. नानांचे दिवस कमी होत चालले. एका दुपारी त्यांनी मोजणीच्या टेबलावर सुताच्या सात रिकाम्या बॉबिनी मांडल्या.

"दखा," ते म्हणाले. "दखाडतस तुमले."

आणि त्यांनी रेस पळवली! सहा बॉबिनी टेबलाच्या आतल्या काठानं, एक बाहेरच्या काठानं. दोन्ही हात चालत होते आणि तोंडानं टापा वाजत होत्या. वळणावर सहाजणी एकमेकींवर आपटल्या. बाहेरची सुटी चालली होती. मागवाले कामगार जेवण सोडून गोळा झाले. कोणी बिहारचा, कोणी ओडिशाचा, कोणाला मराठी कळत नव्हतं. पण शेवटच्या हातभर अंतरात सगळे "चल! चल!" ओरडत होते. मीही ओरडत होते. बाहेरची बॉबिन चौथी आली, आणि एक ओडिया कारागीर चक्क डोळे पुसत होता.

मी आबांकडे पाहिलं. त्यांचेही डोळे भरले होते. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि परत लावला.

"नाना," ते म्हणाले, "विणलंय फार सुंदर. पण विणलं तुम्हीच, आणि दाखवलं तुम्हीच."

वही बंदच राहिली.

* * *

मग नानांना जरा बरं वाटावं म्हणून एका रविवारी आम्ही हजीऱ्याकडच्या समुद्रावर गेलो. ओहोटी होती. पाणी खूप आत गेलेलं, ओल्या वाळूत आभाळ दिसत होतं आणि लांब कारखान्यांची धुराडी अर्धी धुक्यात. मुलांना फेऱ्या मारणारे दोन घोडे होते. हाडं वर आलेली, गळ्यात प्लास्टिकची फुलं. मालकांनी मौजेखातर त्यांची शर्यत लावली.

ती शर्यत मी अजून विसरलेले नाही. घोडे ओल्या वाळूवरून निघाले. खाली त्यांच्याच उलट्या सावल्या पळत होत्या. मध्येच एकाचा पाय घसरला, तर दुसरा थांबला! मालक ओरडतोय, आणि हा मान वळवून वाट बघतोय. मग दोघंही बरोबरच चालत आले.

आबांनी वाळूत उभ्या उभ्या वही काढली. "रंगाला पाठवायची गरज नाही," म्हणाले, आणि 'फ्रेश' लिहिलं. अख्ख्या वहीतली ती पहिली फ्रेश.

घोडेवाला जवळ आला. "काका, एक फेरी?"

आबा आढेवेढे घेत चढले. पाठ ताठ, टोपी घट्ट, दोन्ही हात खोगिराला. विजेच्या खांबापर्यंत जाऊन आले. उतरल्यावर घोडेवाल्याचा खांदा सोडायला तयार नव्हते. वैशालीनं विचारलं, "केवुं लाग्युं, आबा? काय ग्रेड?"

"घोडा फ्रेश," आबा म्हणाले. "माणूस सेकंड."

नाना किती दिवसांनी हसले!

* * *

आणि आता सारंगखेड्याचं.

दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. नाना म्हणाले, "घोडामा जल्म काढेल मानूस आखरीले तठेच सापडस." जुना कोणी सईस, घोडे सांभाळणारा, भेटला तर भेटला. शेठनी काही न विचारता सुट्टी दिली. आम्ही चौघं उधन्याहून भुसावळच्या गाडीनं निघालो आणि दोंडाईच्याला उतरलो.

पोचलो तेव्हा सकाळचं धुकं होतं. तापीच्या काठानं जिकडे बघावं तिकडे घोडे. पांढरे, काळे, तांबडे, नुसत्या पाठी आणि माना धुक्यातून वर आलेल्या, आणि सगळ्यांच्या नाकातून वाफा. नदी आमचीच. हेच पाणी उकाईच्या धरणात थांबून पुढं सुरतेला आमच्या नळाला येतं. मला वाटलं मी तीन नंबरच्या टेबलाशीच बसलेय आणि कोणीतरी येऊन मला हलवणार आहे.

आम्ही तंबूतंबूत विचारत फिरलो. पुण्याचे कोणी? रेसकोर्सचे कोणी? दुपार झाली. नानांचे गुडघे दुखू लागले, पण ते बसेनात. शेवटी वरातीचे घोडे विकणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या तंबूशी एक म्हातारा पांढऱ्या घोड्याला खरारा करत होता. नाना थबकले. माझा हात धरून कुजबुजले, "हाऊ हरिभाऊ! त्या रेसमा पह्यला उना ना, तो घोडा ह्याच्याच हातात व्हता!"

नाना पुढं होणार, तेवढ्यात आबांनी त्यांना अडवलं. "तुम्ही तोंड उघडायचं नाही. एक शब्द नाही. तुम्ही सांगितलं आणि तो हो म्हणाला, तर ती तपासणी नव्हे."

नाना आमच्या मागं उभे राहिले. मफलर तोंडावर ओढून घेतला. आबा कडब्याच्या पेंढीवर बसले, वही मांडीवर, आणि विचारू लागले. पुण्याचं कोणतं साल, कोणता तबेला. हरिभाऊ हो हो म्हणत होते, हात चालूच.

"त्या साली एका शेवटच्या रेसला पाऊस होता. सात घोडे. आठवते?"

"लई वर्सं झाली, दादा," हरिभाऊ म्हणाले. "येकेका दिसाला सात-आठ रेसा. कंची म्हनून ध्यानात ठेवायची?"

"काहीच नाही आठवत?"

"न्हाई बा."

आबांनी आणखी दोनदा विचारलं. हरिभाऊंनी दोनदा मान हलवली. मी मागं वळून नानांकडे पाहिलं नाही. मला बघवलं नसतं. आबांनी पेनाला टोपण लावलं, पेंढीवरून उठले, आणि आम्ही चालू लागलो. वैशाली रडतच होती.

मागून हरिभाऊंचा आवाज आला. आम्हाला उद्देशून नाही, घोड्याच्या पाठीशी बोलल्यासारखा.

"पावसातली आखरीची... त्येच्यातच नव्हं का, ती घोडी येकलीच भाईरल्या कुंपनानं आलेली?"

आबा जागच्या जागी थांबले.

"कोणती घोडी?"

"नाव न्हाई ठावं. समदी आतून, ही येकलीच तिकडं लांब. पाऊस भुरूभुरू. आमी समदी पोरं दोरखंड घिऊन हुबी. ज्येनं त्येनं आपल्या घोड्याकडं बगावं का न्हाई? पन कुनीच न्हाई. समदी तिच्याकडंच! घरला निघाल्यावानी चाललेली, दादा. कुनाशी काय देनंघेनं न्हाई. अन् आखरीची पाटी मागं पडली, समदे थांबले, तरी ही पळतच व्हती. पार पल्याडच्या झाडापातुर."

हे झाडाचं नानांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आबांनी मागं वळून नानांकडे पाहिलं. मफलरातून नानांची मान हलली. हो.

"म्या तीस वर्सं काडली तिथं," हरिभाऊ म्हणाले. "तसं पळनं येकदाच बगितलं. मग तिला सांबाळनारा पोरगा धरून न्यायला आला. त्येचा मला लई हेवा वाटला बगा त्या दिशी."

नाना तिथंच खाली मातीत बसले.

आबांनी पेंढीवर परत बसकण मारली आणि वही उघडली. तारीख लिहिली. घोडे सात, असं लिहिलं. ग्रेडच्या जागी सावकाश, एकेक अक्षर वळणदार काढत, 'फ्रेश' लिहिलं. एक रकाना राहिला होता. आबांना कोणताही रकाना मोकळा सोडवत नाही, आणि निकालाच्या कागदावरून उतरवणं म्हणजे न पाहता शिक्का.

"जिंकलं कोण?" त्यांनी विचारलं.

हरिभाऊंनी खरारा थांबवला.

"त्ये मातर ध्यानात न्हाई."

आता नानांना राहवेना. मफलर खाली ओढून ते ओरडलेच, "भो, तुनाच घोडा जितना व्हता!"

हरिभाऊंनी मातीत बसलेल्या या अनोळखी माणसाकडे पाहिलं, जरा विचार केला, आणि पुन्हा खरारा चालू केला.

"आसंल," ते म्हणाले. "म्या तिकडं बगतच नव्हतो."